कुरवांच्या बेटावरचा माणूस

बार्टलेट कोव्ह
सोमवार, २५ मे १९९८

ती. एल्मरमामांना विनीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ऐकू येत नाही हे तुम्ही कबूल करत नाही, म्हणून पत्र. हूनाहून निघून बारा दिवस झाले. मी बरी आहे. कामगारांच्या बराकीत एक खोली मिळाली आहे, खिडकीतून धक्का दिसतो आणि पाऊसही.

काम तुम्हाला ठाऊकच आहे, तरी सांगते. सकाळी राखीव खाडीच्या रेंजरांची छोटी बोट आम्हाला खाडीच्या तोंडाशी नेते. तिथे पर्यटकांचं जहाज हळू होतं, बाजूने दोरीची शिडी सोडतात आणि आम्ही चढतो. माझ्याबरोबर रसेल नावाचा रेंजर असतो. तो बर्फाचं आणि देवमाशांचं सांगतो, मी माणसांचं, हिमनदी येण्याआधी इथे राहणाऱ्या आपल्या लोकांचं. दिवसभर खाडीतून वर हिमनदीपर्यंत आणि परत. दोन हजार माणसं कठड्याला टेकून ऐकतात. डेकवर त्यांना पांघरुणं आणि वाटाण्याचं गरम सूप देतात. काल एका बाईने विचारलं, आपण आत्ता समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहोत. मी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं आणि म्हटलं, साधारण चार मजले. रसेल खोकत आत निघून गेला.

हिमनदी खाली कशी आली ती गोष्ट जहाजावरचे लोक रोज मागतात. ती आपल्या कुळाची नाही, ज्यांची आहे त्यांना विचारल्याशिवाय सांगणार नाही, असं मी रोज सांगते. त्यांना वाटतं मी विसरले आहे.

हे सगळं हसत लिहितेय खरी, पण मन थाऱ्यावर नाही. माईकवर मी म्हणते, ही आमची जागा. आणि संध्याकाळी त्याच शिडीने उतरून परत जाते. मावशी कशी आहे? कमरेचं दुखणं कमी झालं का? जेवते का? खरं लिहा.

लोभ आहेच. वाढवा असं म्हणत नाही, फक्त पत्राचं उत्तर द्या.

तुमची
विनी

---

हूना
शुक्रवार, २९ मे

चि. विनीस एल्मरमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बुधवारच्या विमानाने आलं. मला ऐकू येतं. लोक पुटपुटतात त्याला मी काय करू?

इथे सगळं होतं तसंच. हॅलिबट मासा चांगला लागतोय. तुझ्या घराचं छप्पर मी पाहून आलो, एका कोपऱ्यात गळतंय, पण तुझा पलंग दुसऱ्या कोपऱ्यात आहे. गोष्टीचं तू बरोबर केलंस. दुसऱ्याची गोष्ट सांगणं म्हणजे दुसऱ्याचा अंगरखा घालून नाचणं. हे तुला पर्लमावशीनेच शिकवलंय, मी नाही.

पर्लचं विचारलंस. खरं लिही म्हणालीस म्हणून लिहितो. हिवाळ्यात पडल्यापासून ती उठली नाही हे तुला माहीत आहे. आता गेला आठवडाभर सूपसुद्धा परत पाठवते. सीलच्या तेलात बुडवून सुका मासा दिला, तो चोखून ठेवून दिला. नर्स म्हणते वय आहे. ब्याऐंशी म्हणजे काय वय आहे? आपली आजी ब्याण्णवाव्या वर्षी बोरं खुडायला जात होती.

परवा मी विचारलं, तुला काय हवंय ते तरी सांग. तर म्हणाली, अंडी. मी दुकानात निघालो, तर म्हणाली, कोंबडीची नव्हेत, बेटावरची. आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

बरं, तू दिवसभर जहाजावर असतेस. कुरव पक्ष्यांच्या बेटावरून तुमचं जहाज साधारण किती वाजता जातं? आणि ती रेंजरांची दुसरी बोट, गस्तीची, ती कुठल्या वारी कुठे असते? सहज विचारतो. म्हाताऱ्या माणसाला माहिती असलेली बरी.

तब्येतीला जप. शिडी चढताना दोन्ही हात मोकळे ठेव.

तुझा
एल्मरमामा

---

बार्टलेट कोव्ह
मंगळवार, २ जून

ती. मामांना विनीचा नमस्कार.

सहज विचारता? तुम्ही आयुष्यात काही सहज विचारलेलं मला आठवत नाही.

मामा, नका जाऊ. हात जोडते. ही खाडी राखीव आहे, पिसालासुद्धा हात लावायचा नाही, अंडी तर लांबच. तुमची होडी जप्त करतील. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तुम्ही कोर्टात उभे राहणार का? आणि माझं काय? मी त्यांचाच बिल्ला लावून फिरते. पहिल्यांदाच आपल्यातलं कुणीतरी त्या जहाजांवर बोलतंय. मी गेले, तर उद्या कुणीतरी पुस्तक वाचून आपल्याबद्दल बोलेल.

तुमचं पत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कचेरीत जाऊन अर्ज दिला. आजारी बाईसाठी थोडी अंडी, परवानगीने, रेंजरांच्या देखत. साहेब चांगले आहेत, त्यांनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, कायदा बदलायचं चाललं आहे, आधी पक्ष्यांचा अभ्यास होईल, मग वरून मंजुरी. मी विचारलं, किती दिवस. ते म्हणाले, वर्षं. 

बाहेर आले तेव्हापासून बसवत नाही. धक्क्यावर जाते, परत येते. मावशीने मला वाढवलं. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. आपली भाषा बोलताना माझी जीभ अडखळली की ती हनुवटी धरून पुन्हा म्हणायला लावायची. तिने माझ्याकडे आजवर काहीच मागितलं नाही. आणि आता मागितलं तेही माझ्याकडे नाही, तुमच्याकडे.

वेळ मी सांगणार नाही. तेवढं माझ्याकडून होणार नाही. पुढचे काही दिवस मी फार कामात आहे. ११ तारखेच्या गुरुवारी गस्तीची बोट दुरुस्तीला बाहेर काढणार आहेत आणि आमचं जहाज सकाळी साडेसातलाच बेट मागे टाकून दिवसभर वर हिमनदीपाशी असेल, रसेलही माझ्याबरोबरच. हे तुम्हाला का लिहिलं मला माहीत नाही. खोडलं तर पान खराब दिसेल.

मावशीच्या कपाळावरून माझ्या वतीने हात फिरवा.

तुमची
विनी

---

हूना
सोमवार, ८ जून

चि. विनीस आशीर्वाद.

पान खराब केलं नाहीस ते बरं केलंस.

या पत्राचं उत्तर पाठवू नकोस, वेळेवर पोचायचं नाही. शेजारच्या क्लेरन्सला बरोबर घेतोय. त्याचे गुडघे गेलेत पण हात शाबूत आहेत, तो होडी सांभाळेल. मी चढेन.

तुला एक सांगायचं राहिलं आहे. तू तेव्हा दोन वर्षांची होतीस, बासष्ट साली. माझी आई, पर्ल आणि मी त्याच बेटावर गेलो होतो. तेव्हा मनाई नवी होती, आम्हाला वाटलं म्हाताऱ्या बाईला कोण अडवतंय. परत निघताना एक रेंजर आला. तरणा पोरगा, टोपी काढून बोलला. अंडी परत ठेवा म्हणाला, एवढंच. आई त्याच्याशी आपल्या भाषेत बोलली. या घरट्यातून का घेतलं, त्यातून का नाही, हे सगळं तिने त्याला नीट समजावून सांगितलं. त्याला एक शब्द कळला नाही. इंग्रजी येत होतं ते मला. मी सैन्यात जाऊन आलेला, अडतीस वर्षांचा घोडा. होडीची दोरी धरून उभा राहिलो आणि तोंड उघडलं नाही. भीती वाटली, होडी नेतील. मग आई टोपली घेऊन परत वर चढली आणि एकेक अंडं जिथलं तिथे ठेवून आली. पर्ल खाली होडीपाशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही, आणि त्या विषयावर आजतागायत बोललेली नाही. त्या दिवशी अंडी म्हणाली ते पहिल्यांदाच.

तेव्हा, विनी, मी अंडी आणायला जातोय हे खरं, पण तेवढंच नाही.

तू तुझं काम नीट कर. मला ओळखत नाहीस असं समज.

एल्मरमामा

---

बार्टलेट कोव्ह
गुरुवार, ११ जून, संध्याकाळ

ती. मामांना विनीचा सा. न.

तुम्हाला घरी सोडलं एवढं कळलं आहे. बाकी काही कळलेलं नाही. मी काय केलं ते माझ्याच तोंडून कळावं म्हणून लगेच लिहायला बसले. घाईत लिहितेय, अक्षर लावून घ्या.

सकाळी खाडीच्या तोंडाशी एवढं धुकं होतं की जहाजाने तीन तास पाऊल पुढे टाकलं नाही. मी डेकवर येरझाऱ्या घालत होते. साडेसात झाले, साडेआठ झाले. रसेलने विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, सूप बाधलं. दहाला धुकं उचललं आणि जहाज निघालं. मी मनात म्हणत होते, मामा एव्हाना निघाले असतील, धुक्यात त्यांना नेहमीच सुधरतं.

पावणेअकराला आम्ही बेटापाशी आलो. मी आणि रसेल कप्तानाच्या खोलीत माईकपाशी होतो. उन्हात खडक लख्ख दिसत होते. आणि एकदम सगळे कुरव उठले, हजारो, पांढरं आभाळच वर गेल्यासारखे. ते असे उठतात तेव्हा खाली कुणीतरी चालत असतं, हे मला आणि रसेललाही माहीत. त्याने दुर्बीण डोळ्याला लावली. बराच वेळ लावून ठेवली. मग खाली केली आणि दुसऱ्या बाजूला बोट दाखवून म्हणाला, तिकडे समुद्रसिंह आहेत, त्यांच्याबद्दल बोलू या.

मला तेव्हा समजायला हवं होतं. नाही समजलं.

कारण त्याच वेळी जहाजाच्या एका अधिकाऱ्याने तुम्हाला पाहिलं आणि तो रसेलकडे वळला. बेटावर चोर आहे, म्हणाला. असं म्हणाला आणि हसला. मामा, तुम्ही वाकला होतात. तुमची नारिंगी टोपी दिसत होती. एका हाताने खडक धरून दुसऱ्या हाताने टोपलीत ठेवत होतात, इतकं सावकाश. चोर असं ठेवतो का? माईक माझ्यासमोर चालूच होता. मी म्हटलं, "डाव्या बाजूला बेटावर जो माणूस दिसतोय तो चोर नाही. ते माझे मामा आहेत." मग बेटाचं आपलं नाव सांगितलं. तुमचं नाव सांगितलं, कागदावरचं नव्हे, आजोबांकडून तुमच्याकडे आलेलं. तुमच्या आईचं नाव सांगितलं. तीन अंडी असलेल्या घरट्याला आपण हात लावत नाही, एक किंवा दोन असतील तरच घेतो, म्हणजे मादी पुन्हा घालते, हेही सांगितलं. सगळं जहाज डाव्या बाजूला लोटलं. लोक हात हलवायला लागले. आणि तुम्ही टोपी काढून हलवलीत.

माईक बंद करून मी वळले तर रसेल पांढरा पडला होता. चिडला नव्हता. म्हणाला, "विनी, तू बोलली नसतीस तर मला तो दिसलाच नव्हता."

नंतर त्याला कळवावंच लागलं. दोन हजार माणसांनी ऐकलं होतं. गस्तीची बोट दुरुस्तीला होती म्हणून दुसरी पाठवली. जहाज वर हिमनदीपाशी गेलं. लोक बर्फ कोसळण्याची वाट बघत होते, माझं बोलायचं काम होतं आणि मी बोललेही. काय बोलले ते आठवत नाही.

मी तुम्हाला धरून दिलं, मामा. तुमच्या भल्यासाठी बोलले असं मला वाटलं, आणि माझ्या तोंडाने तुम्हाला धरून दिलं. मावशीला काय सांगू? तिला अंडी मिळाली का? मला खात्री आहे नाही मिळाली.

उद्या राजीनामा देणार आहे. रागवायचं असेल तर पत्रातच रागवा. लोभ ठेवा असं कुठल्या तोंडाने लिहू?

विनी

---

हूना
सोमवार, १५ जून

चि. विनीस एल्मरमामाचे भरपूर आशीर्वाद.

राजीनामा दिला असशील तर परत माग. दिला नसशील तर तो कागद चुलीत घाल. आधी हे, मग बाकीचं.

चूक तुझी नाही, माझी आहे. तुझं जहाज पुढे गेलं असेल असं धरून आम्ही आठला पोचलो होतो. अर्ध्या तासात काम झालं असतं. पण वर चढलो आणि पाय हलेना. छत्तीस वर्षांनी गेलो ग. घरटी जिथल्या तिथे होती. आई जिथे बसून घाम पुसायची तो खडक होता. मी तिथे बसून राहिलो. क्लेरन्स खालून हाका मारत होता. मला ऐकू आल्या नाहीत, आणि हे मी फक्त तुला सांगतोय.

मग धुकं उठलं आणि तुझं जहाज आलं. एवढं मोठं की पहिल्यांदा वाटलं डोंगरच सरकला. माणसं हात हलवायला लागली तेव्हा क्लेरन्स म्हणाला, आता काय करायचं. मी म्हटलं, शिष्टाचार आहे, आपणही हलवू. तू काय बोललीस ते आम्हाला शब्दाने कळलं नाही, पण पाण्यावरून आवाज येत होता आणि मध्येच माझं नाव आलं. तेवढं स्पष्ट ऐकलं. त्या खाडीत ते नाव मोठ्याने कुणी उच्चारून किती वर्षं झाली असतील, सांग.

रेंजरची बोट आली. रेंजर पोरगी होती, अदबीने बोलली. बावीस अंडी मोजली. म्हणाली, परत ठेवता येतील का. मी म्हटलं, नाही. एवढं म्हणायला छत्तीस वर्षं लागली. मग तिने अंडी खोक्यात भरली, कागद लिहिला, होडी ओढून नेली. ३० तारखेला जुनोला कोर्टात बोलावलं आहे.

पर्लला सगळं सांगितलं. अंडी नाहीत हेही. मला वाटलं भिंतीकडे तोंड करेल. तर कोपरावर उठून बसली आणि मला अशा शिव्या घालायला लागली की नर्स धावत आली. आई पासष्टाव्या वर्षी सापडली ते पाहून तरी तुला अक्कल यायला नको का, खडकावर बसायला गेला होतास का, असं सगळं. दहा मिनिटं. मग दमली आणि विचारलं, किती घरटी होती. मी सांगितलं. तिनाच्या घरट्यांना हात लावलास का. नाही म्हटलं. त्यावर सूप मागितलं. वाटीभर प्यायली. मीठ कमी आहे म्हणाली. रोज थोडं पितेय. बरी झालेली नाही, उगाच आशा धरू नकोस, पण पितेय.

आता काम. कोर्टात मी आपल्या भाषेत बोलणार आहे. आईसारखं. फरक एवढाच, या वेळी दोरी धरून गप्प उभा राहणारा कुणी नको. माझं बोलणं त्यांना इंग्रजीत सांगायला तू ये. दुसरं कुणी सापडत नाही असं त्यांनीही कळवलंय. तुझ्या कचेरीला काय वाटेल याचा विचार करून ठरव. नाही आलीस तरी माझा लोभ कमी व्हायचा नाही. पण ये.

एल्मरमामा

---

जुनो
मंगळवार, ३० जून

ती. पर्लमावशीस विनीचा सा. न. वि. वि.

मामा उद्याच्या विमानाने घरी येतील आणि विचारलंस तर म्हणतील, झालं काहीतरी. म्हणून हे पत्र त्यांच्याच खिशात घालून पाठवते. नर्सकडून वाचून घे. त्यांच्याकडून नको, ते मधलं गाळतील.

सकाळपासून मी कोर्टाचे कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. मामा मात्र नवा सदरा घालून बाकावर बसून वाळका मासा खात होते. शिपायाने इथे खायचं नाही म्हटलं तर त्यालाच तुकडा देऊ केला. रसेल आला होता. त्याला विचारलं, बेटावर माणूस पाहिला का. तो म्हणाला, मी पक्षी उडताना पाहिले, माणूस कोण ते नंतर ऐकलं. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

मग मामांना उभं केलं. मी शेजारी. न्यायाधीशबाईंनी विचारलं, तुम्ही अंडी घेतली का. मामा बोलायला लागले. मावशी, ते इतकं नीट बोलले. घाई नाही, शोधाशोध नाही. मला वाटलं होतं माझी जीभ अडखळेल. तू हनुवटी धरून म्हणायला लावायचीस ते सगळे शब्द एकेक करून आले, आणि मी ते इंग्रजीत सांगत गेले, त्यांच्याच तोंडचे, मी, मला, माझी असेच.

ते म्हणाले: "हो, मी घेतली. बहिणीसाठी घेतली. जिथे दोन होती तिथून घेतली, तीन होती तिथली ठेवली. छत्तीस वर्षांपूर्वी माझ्या आईने हेच तुमच्या माणसाला सांगितलं होतं. त्याला आमची भाषा येत नव्हती. मला त्याची येत होती, आणि मी गप्प बसलो. माझ्या बहिणीने ते पाहिलं. आज ते सांगायला आलोय."

हे त्यांनी तुझ्यासाठी म्हटलं, मावशी. तू खोलीत असल्यासारखे दाराकडे बघत म्हणाले.

बहीण या शब्दाशी आले तेव्हा थांबले. पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.  न्यायाधीशबाई मला म्हणाल्या, तुम्ही त्यांचं म्हणणं सांगताय की तुमचं, हे मला नोंदवावं लागेल. मी काय उत्तर द्यायला हवं होतं ते मला माहीत होतं. बिल्ला पिशवीत होता, कचेरीचे साहेब मागच्या बाकावर होते. मी म्हटलं, "शब्द त्यांचे आहेत. मी त्यांच्याबरोबर आहे, हेही लिहा."

त्यांनी लिहून घेतलं.

दोषी ठरवलं. शिक्षा एवढीच की वर्षभर पुन्हा असं करायचं नाही. होडी परत मिळेल. अंडी नाहीत. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, वर्षभर म्हणजे पुढच्या तीस जूनपर्यंत ना, आणि अंडी तर मे-जूनमध्येच मिळतात, हे काही न्यायाचं झालं नाही. साहेब जिना उतरत होते. त्यांनी ऐकलं असावं. शुक्रवारी जहाजावर ये, एवढंच मला म्हणाले. जायचं की नाही ते अजून ठरत नाही. कधी वाटतं जावं, कधी वाटतं त्या शिडीला पुन्हा हातच लावू नये. तू सांग.

सूप संपव. मीठ मी येईन तेव्हा घालीन.

तू रागावलीस तरी तुझीच,
विनी